कॉक्स-१७ : पेशीतला तांब्याचा वाहक
घरात तांब्याचा हंडा असो वा नसो, अंगात तांबं प्रत्येकाच्या असतं. प्रौढ माणसाच्या शरीरात ते १०० मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. एवढंसंच, पण ते योग्य जागी पोचलं नाही तर पेशीचा श्वासच अडतो. ते पोचवण्याचं काम करणारं एक प्रथिन म्हणजे कॉक्स-१७. आज हे मानवी प्रथिन प्रयोगशाळेत जीवाणूंकडून बनवून घेता येतं आणि संशोधकांना कुपीत मिळतं. ते कशासाठी, हे समजून घेऊ.

तांबं लागतं कुठे?

पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियांना (शाळेच्या पुस्तकात तंतुकणिका) पेशीचं ऊर्जाघर म्हणतात. तिथे सायटोक्रोम ऑक्सिडेज नावाचं एक मोठं विकर आहे. आपण श्वासातून घेतलेला बहुतेक ऑक्सिजन इथेच खर्ची पडतो. या विकरात तांब्याचे तीन अणू बसवलेले असतात, दोन एका भागात आणि एक दुसऱ्या भागात. ते नसतील तर विकर तयारच होत नाही.

मग तांबं पेशीत मोकळं फिरू द्यायला काय हरकत आहे? हरकत अशी की मोकळं तांबं पेशीला घातक ठरतं. ते ऑक्सिजनपासून मारक रेणू तयार करतं. म्हणून पेशी तांब्याचा प्रत्येक अणू कुणाच्या तरी हाती सोपवते. यीस्टवरच्या १९९९ च्या एका अभ्यासात पेशीमागे एकही मोकळा अणू शिल्लक नसतो, असा हिशेब निघाला होता.

शोध कसा लागला?

१९९६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर त्झागोलॉफ यांच्या गटाला यीस्टमध्ये हे जनुक सापडलं. ते बिघडलेलं यीस्ट ऑक्सिजन वापरू शकत नव्हतं. पण वाढीच्या द्रावणात भरपूर तांबं मिसळलं, की गाडी पुन्हा रुळावर यायची. पुढच्याच वर्षी माणसातलं जनुक मिळालं. गंमत म्हणजे, माणसाचं जनुक घातल्यावर बिघडलेलं यीस्टही सुधारलं!

मानवी कॉक्स-१७ फक्त ६३ अमिनो आम्लांचं आहे. मायटोकॉन्ड्रियाच्या दोन पडद्यांमधल्या पोकळीत ते काम करतं. त्यातली शेजारी-शेजारी असलेली दोन सिस्टीन तांब्याचा एक अणू धरतात. तो अणू पुढे स्को-१, स्को-२ आणि कॉक्स-११ या प्रथिनांकडे जातो आणि तिथून विकरात बसतो.

साखळी तुटली तर?

स्को-२ जनुकातल्या दोषामुळे तान्ह्या बाळांचं हृदय आणि मेंदू निकामी होतो, हे १९९९ मध्ये स्पष्ट झालं. स्को-१ च्या दोषात नवजात बाळाचं यकृत धोक्यात येतं. हे आजार दुर्मिळ आहेत, पण ज्या घरात होतात तिथे बाळ बहुधा वर्षभरही जगत नाही. स्को-२ दोष असलेल्या रुग्णांच्या स्नायूपेशींना बशीत तांबं दिलं, तेव्हा विकराचं काम सुधारलं. अर्थात बशीतली पेशी वेगळी आणि बाळाचं शरीर वेगळं. तेवढ्यावरून उपचार ठरत नाही.

कुपीतलं प्रथिन

मानवी जनुक ई. कोलाय जीवाणूत घालतात. जीवाणू वाढले की त्यांना फोडून प्रथिन वेगळं करतात. बहुतेक वेळा प्रथिनाला हिस्टिडीनची छोटी शेपटी जोडलेली असते. ती निकेलला चिकटते, म्हणून गाळणं सोपं जातं. पण इथे एक मेख आहे. मायटोकॉन्ड्रियात कॉक्स-१७ च्या इतर चार सिस्टीनमध्ये गंधकाचे दोन बंध जुळतात. जीवाणूच्या आत ते आपोआप नीट जुळतीलच असं नाही. म्हणून प्रथिन शुद्ध असून भागत नाही. ते बरोबर घडी पडलेलं आहे का आणि तांबं धरतं का, हे आधी तपासावं लागतं. साठवण अतिथंड तापमानात, आणि वारंवार गोठवणं-वितळवणं टाळायचं.

हे प्रथिन तांबं कुणाला देतं, किती घट्ट धरतं, जनुकातल्या दोषाने नेमकी कोणती पायरी अडते, हे त्यातून तपासता येतं. कुपीवर ‘केवळ संशोधनासाठी’ असं लिहिलेलं असतं. ते औषध नाही, टॉनिकही नाही.

आणि आपला हंडा?

तांबं कमी पडलं तर घात, जास्त झालं तरी घात. १९८० च्या दशकात पुण्यातल्या डॉक्टरांनी लहान मुलांच्या यकृताच्या एका जीवघेण्या आजाराचा संबंध पितळेच्या आणि तांब्याच्या भांड्यात तापवलेल्या, साठवलेल्या दुधाशी दाखवून दिला होता. त्यामुळे बाळाचं दूध स्टीलच्या भांड्यातच तापवा. अंगातल्या तांब्याचा हिशेब पेशी अणू-अणू मोजून ठेवते. वरून तांबं ओतून तो सुधारत नाही.