पालकांचे वजन आणि मुलांच्या हालचालींच्या सवयी

पालकांचे वजन आणि मुलांच्या हालचालींच्या सवयी यांतील संबंध हा बालआरोग्य व पोषणशास्त्र यांतील एक अभ्यासविषय आहे. स्थूल पालकांची मुले बैठ्या करमणुकीकडे अधिक वळतात, असे काही अभ्यासांत आढळले आहे. अनुवंश, घरातील आहार, पालकांचा दिनक्रम आणि खेळण्याची सोय हे घटक एकमेकांत गुंतलेले असल्याने केवळ पालकांच्या वजनावरून मुलांच्या सवयींचा निष्कर्ष काढता येत नाही. महाराष्ट्राच्या धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यासारख्या कृषिप्रधान भागात ही मर्यादा विशेष जाणवते.

मोजमाप

प्रौढांचे वजन शरीरभार निर्देशांकाने मोजतात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून तो काढला जातो. जागतिक आरोग्य संघटना २५ व त्यापुढील निर्देशांक अतिवजन मानते. भारतीयांत तेवढ्याच निर्देशांकाला शरीरातील चरबीचे प्रमाण अधिक असल्यामुळे येथे २३ ही मर्यादा सुचवली जाते. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र स्वरूपाची हालचाल करावी, अशी संघटनेची शिफारस आहे.

संशोधन

अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे ४ ते ७ वर्षांच्या मुलांवर झालेला अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. आई सक्रिय असल्यास मूल सक्रिय असण्याची शक्यता सुमारे दुप्पट, वडील सक्रिय असल्यास साडेतीनपट आणि दोघेही सक्रिय असल्यास जवळपास सहापट आढळली. जेन वॉर्डल व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ब्रिटिश अभ्यासात स्थूल पालकांच्या लहान मुलांचा ओढा बैठ्या करमणुकीकडे अधिक दिसला. असे अभ्यास सहसंबंध दाखवतात; वजन हेच कारण असल्याचे त्यांतून सिद्ध होत नाही.

महाराष्ट्रातील स्थिती

राज्यात कमी व अधिक वजन या दोन्ही समस्या एकाच वेळी आढळतात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील सुमारे २१ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या, तर सुमारे २३ टक्के अतिवजन किंवा स्थूल होत्या. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा गावांत मातृपोषणाचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. तेथील मातांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. त्यांची बाळे वजनाने लहान असूनही त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक होते. गरोदरपणात घरकाम व शेतकाम अधिक करणाऱ्या मातांच्या बाळांचे जन्मवजन कमी आढळले. त्यामुळे पालक सडपातळ व कष्टाळू असले, तरी मुलाला पुढे मधुमेहाचा धोका नाही असे गृहीत धरता येत नाही.

धाराशिव जिल्हा

आठ तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १६,५७,५७६ असून चार पंचमांशांहून अधिक लोक ग्रामीण भागात राहतात. २०१८ मध्ये केंद्र शासनाने त्याचा समावेश आकांक्षित जिल्ह्यांत केला. पाऊस बेभरवशाचा असल्याने अनेक कुटुंबे उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. सोबत गेलेली मुले कोपीवर पाणी भरतात, धाकट्या भावंडांना सांभाळतात, फडात हात लावतात. त्यांची हालचाल भरपूर होते. पण तो खेळ नसून श्रम असतो आणि त्यात शाळा बुडते. मुलांना गावीच राहून शिकता यावे, यासाठी मराठवाड्यात हंगामी वसतिगृहे चालवली जातात. पाश्चात्त्य अभ्यासांतील निष्कर्ष अशा कुटुंबांना जसेच्या तसे लागू होत नाहीत, कारण येथे मुलांच्या हालचालींचे स्वरूप पालकांच्या वजनापेक्षा उपजीविकेवर अवलंबून असते.

खेळाची संधी मिळाल्यास काय घडते, याचे उदाहरणही जिल्ह्यात आहे. खो-खोला एक मैदान आणि दोन खांब एवढेच साहित्य लागते. येथील खो-खोपटू सारिका काळे यांनी २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

उपाय

मुलांना हालचालीची सवय लावण्यासाठी पालकांचे वजन आधी कमी होण्याची वाट पाहावी लागत नाही. पालकांनी मुलांसोबत चालणे व खेळणे, पडद्यासमोरचा वेळ मर्यादित ठेवणे, शाळेतील खेळाचा तास नियमित होणे आणि गावात सुरक्षित मैदान असणे हे उपाय सर्व वजनगटांतील कुटुंबांना उपयुक्त ठरतात. कुपोषित मुलांच्या बाबतीत मात्र व्यायामाआधी पुरेसा आहार आवश्यक असतो.