सड्यावरच्या फुलांची कुळी

साताऱ्याजवळच्या कास पठारावरच्या फुलांची कुळी लागते ती दगडाशी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरांवर थर साचले. पुढे युगानुयुगांच्या पावसाने माथ्यावरच्या काळ्या कातळातली सिलिका आणि क्षार धुऊन नेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं, आणि जांभा तयार झाला. पावसाळ्यात तळं, उन्हाळ्यात तवा, असा हा सडा, म्हणजे जांभ्याचा सपाट माथा. इथे मोठं झाड मूळ कुठे धरणार? चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळं होणाऱ्यांचंच हे राज्य.

त्यातही वाटण्या आहेत, आणि त्या पाहण्यासारख्या आहेत. पाणी साचतं तिथे गेंदाची पांढरी बोंडं. माती निकस आणि सतत ओली असते तिथे सीतेची आसवं आणि दवबिंदू, बारीक जीव पकडून आपली नायट्रोजनची गरज भागवणारी. माती जरा जाड झाली की तेरडा, कवला. पुढे टोपली कारवी, जिचा मोठा बहर साधारण सात वर्षांनी येतो. मातीची खोली चार बोटं बदलली की शेजार बदलतो.

पण कोणत्या वनस्पती इथवर पोचल्या, हे एकटं पठार ठरवत नाही. रत्नागिरीच्या सड्यांवरही जांभाच आहे, मोसमी पाऊसही आहे. तरी पहिल्या पावसानंतर पांढरी फुलणारी कोकण दीपकाडी ही कोकणातली, आणि साताऱ्याचा वायतुरा घाटमाथ्यावरचा. मध्ये सह्याद्रीची भिंत, उंचीत हजारभर मीटरचा फरक. सडे एकमेकांपासून बेटांसारखे तुटलेले. इथल्या वनस्पतींची नोंदही सावकाश झाली. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०८ मध्ये पुरा झाला. पण साताऱ्याच्या या वायतुऱ्याला शास्त्रीय नाव मिळालं ते थेट १९८२ मध्ये. इतका जुना रहिवासी, आणि नोंद इतकी उशिरा!

२०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत कास जागतिक वारसा यादीत गेलं, हे फार चांगलं झालं. कोकणातल्या सड्यांकडे मात्र अजून पडीक कातळ म्हणूनच पाहिलं जातं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिथे सुरुंग लावून कातळ फोडतात, खड्ड्यांत बाहेरची माती भरतात आणि हापूसची कलमं लावतात. पाऊस पूर्वीइतकाच पडतो, पण बोटभर मातीवर जगणाऱ्या दीपकाडीला त्या बागेत जागा उरत नाही.