घरातील तिसरी बंदूक

शस्त्रांच्या परवान्याचा विषय निघाला की जुन्या मंडळींस १८७८ चा कायदा आठवतो, आणि तो आठवावा असाच होता. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीतील या कायद्याने परवान्यावाचून बंदूक बाळगणे हा हिंदी माणसाचा गुन्हा ठरविला. गोऱ्यांस मात्र त्यातून सूट होती. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच सालचा, हा योगायोग खचित नव्हे. १८८७ च्या मद्रास काँग्रेसने शस्त्रांच्या कायद्याविरुद्ध ठराव केला. पुढे १९३० साली गांधीजींनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेविल्या, त्यांत आत्मसंरक्षणार्थ बंदुकीचे परवाने मिळावेत, अशीही एक होती. अहिंसेच्या उपासकाने हे मागावे याचे पुष्कळांस नवल वाटते. आम्हांस वाटत नाही. अविश्वासाचा जो शेरा सरकारने एका अख्ख्या राष्ट्रावर मारला होता, तो त्यांस पुसावयाचा होता.

विश्वास कोणावर ठेवावयाचा हेही सरकारच ठरवी. कोडगूच्या लोकांस १८६१ पासून शस्त्रपरवान्यातून सूट मिळाली. ती स्वतंत्र भारतानेही चालू ठेविली, आणि २०१९ मध्ये तिची मुदत २०२९ पर्यंत वाढविली. त्या बाजूस बदलीवर गेलेल्या वाचकांनी तेथील शस्त्रपूजेचा सण पाहिलाच असेल.

१९५९ चा आपला स्वतःचा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. गोरा-काळा हा भेद गेला, परवाना राहिला. पण घरोघरच्या बंदुकांवर खरा परिणाम केला तो एका निराळ्याच कायद्याने. १९७२ मध्ये वन्यप्राण्यांस संरक्षण मिळाले, १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीची उरलीसुरली वाटही बंद झाली, आणि जंगलखात्यातील वा महसुलातील आजोबांच्या बंदुका कपाटात जाऊन बसल्या. वर्षाकाठी दसऱ्याला हळदकुंकू आणि नळीला तेल, एवढाच त्यांचा उद्योग.

आमच्या जबलपूरच्या घरी अशा तीन होत्या. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाजवळील बंदुकांची मर्यादा तीनावरून दोनावर आणली. सरकारचा मूळ विचार एकच ठेवण्याचा होता, परंतु ओरड झाल्यामुळे दोन झाल्या. तिसरी वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानेदार विक्रेत्याकडे जमा करावयाची. वडिलांनी परवान्याचे पुस्तक आम्हां भावंडांपुढे ठेविले व म्हणाले, “सांगा आता, कोणती जाणार?”

विकावी म्हणावे, तर आजोबांची वस्तू बाजारात जाते. कोणास नुसती द्यावी म्हणावे, तर कायद्याच्या दृष्टीने दान आणि विक्री यांत फारसा भेद नाही. घेणाऱ्याजवळ परवाना हवाच, आणि जिल्हादंडाधिकारी किंवा जवळचे ठाणे यांस पंचेचाळीस दिवस आधी लेखी कळवावे लागते. जुनी म्हणून सूट मागावी, तर ती दुरुस्त करूनही उडणार नाही अशा निकामी हत्याराला. आमची दुनळी उत्तम उडत होती! ठाण्यात ठेवून विसरून जाणे सर्वांत सोपे, पण मुदतीत परत न नेलेले शस्त्र दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाने सरकारजमा होते. धाकट्या भावास तोच मार्ग बरा वाटला. विकलेल्या बंदुकीने उद्या कोणाचा जीव घेतला तर, हा त्याचा प्रश्न होता. त्यास उत्तर आमच्याजवळ नव्हते.

वडिलांनी पुष्कळ दिवस काही सांगितले नाही. अखेर नर्मदाकाठच्या एका शेतकऱ्याचे नाव त्यांनी काढले. रानडुकरांपासून पिकाचे रक्षण करण्यासाठी त्याजवळ परवाना होता, आणि तीस वर्षांची ओळख होती. पैसे घ्यावे की नाही यावर आईचे व त्यांचे दोन दिवस बिनसले. शेवटी त्यांनी पैसे घेतले. फुकट मिळालेल्या हत्याराची माणूस निगा राखीत नाही, असे त्यांचे म्हणणे. पंचेचाळीस दिवसांची सूचना गेली. शेहेचाळिसाव्या दिवशी तो शेतकरी आला, तेव्हा वडिलांनी नळी पुन्हा एकदा पुसली आणि तेलाची बाटलीही त्याच्या हाती दिली.