येरळेवरची भिंत

येरळा उगम पावते सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात आणि कृष्णेला मिळते सांगलीतल्या ब्रह्मनाळला. मधला पट्टा अवर्षणाचा. त्यामुळे खानापूर तालुक्यातला माणूस पोटासाठी बाहेरच. कुणी सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात देशभर, कुणी मुंबईच्या गिरणीत. 1982 मध्ये गिरण्यांचा संप झाला, कामगार गावी परतले, तर गावी दुष्काळ वाट पाहत होता. या माणसांना डॉ. भारत पाटणकरांची साथ मिळाली आणि मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली.

सुरुवात रोजगार हमीच्या मागणीनं झाली. पण खडी फोडून दुष्काळ थोडाच हटतो? काम द्यायचंच तर पाणी अडवणारं द्या, असं लोक म्हणू लागले. येरळेचं पात्र वाळूचं. पावसाळ्यानंतर त्या वाळूत पाणी मुरून राही आणि काठच्या विहिरींना पुरे. ठेकेदार वाळू उपसू लागले, तसे विहिरींचे तळ दिसू लागले. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी उपशाला विरोध केला आणि वेगळीच मागणी पुढे ठेवली: थोडी वाळू आम्हाला विकू द्या, त्या पैशातून धरण आम्हीच बांधतो.

सरकारी खात्याला हे पटायला वेळ लागला. 1986 साली काम हाती घेतलं. आराखड्यामागे अभियंते के. आर. दाते यांचं मार्गदर्शन होतं. वाळूच्या पैशाला शहरातल्या स्नेह्यांच्या बिनव्याजी उसनवारीची आणि विद्यार्थ्यांच्या श्रमदानाची जोड मिळाली. दशक संपता संपता बळीराजा स्मृती धरण पुरं झालं.

भिंतीचं कौतुक पुष्कळ झालं. मला मोठी वाटते ती वाटपाची मांडणी, कारण ती भिंतीच्या आधी ठरली. पाण्याचा हक्क जमिनीच्या एकरांवर नाही, कुटुंबावर. सातबारा नसलेल्या भूमिहीनालाही हिस्सा. त्यानं तो दुसऱ्याच्या रानात वाट्यानं पिकवावा. एवढ्या पाण्यात सर्वांचं भागवायचं तर ऊस नको, हेही ठरलं. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात हे बोलणं म्हणजे धाडसच! एरवी धरण आधी होतं, मग वरच्या अंगाचे शेतकरी पाणी उचलतात आणि शेपटाकडचे अर्ज करत बसतात.

हीच मांडणी पुढे मोठ्या योजनांकडे गेली. 1993 मध्ये आटपाडीत पाणी परिषद भरली. तिथून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली दुष्काळी तालुक्यांचा लढा वाढत गेला. या तालुक्यांसाठीची टेंभू उपसा योजना कृष्णेचं पाणी उचलते ते सातारा जिल्ह्यात, कराड तालुक्यात. ते आटपाडीच्या शिवारात उघड्या पाटांऐवजी बंद नळांतून न्यायचा आराखडा समान वाटपाच्या याच आग्रहातून आला. नळ आले, भूमिहीनाच्या हिश्श्यासाठी मात्र चळवळीला पुढेही भांडत राहावं लागलं.