रिकामे आणि न दिलेले

रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातले पाणी मोजून वहीत लिहितात. पाऊस नसेल तर ०. मोजायलाच कोणी गेले नाही, तर रकाना कोरा. यवतमाळसारख्या कोरडवाहू कापसाच्या जिल्ह्यात या दोहोंची गल्लत झाली, तर पावसातला खंडच चुकीचा मोजला जाईल. संगणकालाही हा फरक आपणहून कळत नाही.

पीएच.डी. करताना मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. तालुक्याचे नाव द्यायचे, ‘ग्रेप’ ही आज्ञा जिल्ह्याच्या फायलीतून त्या नावाच्या ओळी निवडणार, मग बेरीज. एकदा नाव द्यायचेच राहिले, आणि सोळाही तालुक्यांची बेरीज समोर आली! रिकामा शब्द प्रत्येक ओळीत ‘सापडतो’. आधी तपासणी हवी होती.

या तपासणीला इतिहास आहे. १९७९ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांचा शेल आला. शेल म्हणजे आपण टंकलेल्या ओळीचे शब्द पाडून ते आज्ञेच्या हाती देणारा मध्यस्थ. तपासणी करते ‘टेस्ट’ ही वेगळी आज्ञा. गोम इथेच आहे. $१ म्हणजे आपण दिलेले पहिले मूल्य. ते रिकामे असले आणि अवतरणचिन्हांत नसले, तर शब्द पाडतानाच गळून जाते. आपण विचारतो ‘$१ = दारव्हा’; टेस्टला मिळते नुसते ‘= दारव्हा’. ती तक्रार करून थांबते.

म्हणून जुने जाणते दोन्ही बाजूंना एक्स लावीत: ‘एक्स$१’ची तुलना ‘एक्स’शी. मूल्य नसले तरी एक अक्षर उरतेच. शिवाय ‘(’ किंवा ‘!’ असे मूल्य आले, तर टेस्ट त्याला स्वतःचेच चिन्ह समजे, तेही टळले. युक्ती ओबडधोबड खरी, पण मला आवडते.

१९९२ च्या पॉझिक्स प्रमाणकाने नियम बांधला: टेस्टने आधी मिळालेले शब्द मोजावेत, एकच शब्द असून तो रिकामा नसेल, तर उत्तर ‘खरे’. आता गंमत पाहा. ‘-एन’ म्हणजे ‘रिकामे नाही ना?’ अवतरणचिन्हे विसरून ‘-एन $१’ विचारले आणि मूल्यच नसले, तर उरतो एकटा ‘-एन’. तो शब्द रिकामा नाही, म्हणून उत्तर ‘खरे’!

अवतरणचिन्हे दिली की उत्तर सुधारते. उलटा प्रश्न ‘-झेड’: ‘रिकामे आहे का?’ पण रिकामे दिलेले आणि दिलेलेच नाही, या दोन्हींना तो ‘होय’च म्हणतो. फरक हवा असेल तर ‘$#’ पाहावे, म्हणजे किती मूल्ये दिली ते. रिकामे दिले तर १, दिलेच नाही तर ०.

हवामान विभागाच्या पुण्याहून मिळणाऱ्या चौकटवार पर्जन्य-फायलींत मोजमाप नसलेल्या चौकटीत −९९९ असते. बेरजेआधी तो गाळावा लागतो.