साठ की सात? अर्थात माईकच्या पाठीवरचे दोन खटके

दोन महिने इथे काही लिहिलं नाही. दोघातिघांनी फोन करून विचारलंसुद्धा, तब्येत बरी आहे ना म्हणून. तब्येत ठणठणीत आहे हो! मी वाचत होते, तेही मोठ्याने आणि माईकसमोर बसून.

त्याचं असं झालं. आमच्या अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, अकरा रोजनिश्या माझ्याकडे आहेत. माझा थोरला भाऊ (वय ८४, मुक्काम नागपूर) याची नजर गेल्या वर्षापासून फारच अधू झाली आहे. "अण्णांनी काय काय लिहिलंय ते एकदा सगळं ऐकायचंय गं बेबी," असं तो दिवाळीत म्हणाला. म्हणून मी मोबाईलवर वाचून पाठवायला सुरुवात केली. चार दिवसांनी दादाचा फोन. "अगं, पुटपुटतेस काय? विहिरीच्या सुरुंगांना साठ रुपये पडले की सात?"

चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. शेवटच्या बाकावरचा झोपाळूसुद्धा माझ्या आवाजाने दचकून जागा व्हायचा. आणि आता घरचाच माणूस म्हणतो, पुटपुटतेस!

माझ्या भाच्याचा मुलगा पुण्यात ध्वनिमुद्रणाचं काम करतो. त्याच्या कानावर हे गेलं आणि आठवड्याभरात एक खोकं घरी आलं. आत स्टुडिओत वापरतात तसला नवाकोरा माईक. "आत्याआजी, याच्या पाठीवर दोन खटके आहेत. एकाने आवाजाचा खर्ज कमी होतो, दुसऱ्याने आवाज पुढे येतो. कुठला कसा ठेवायचा ते तूच ऐकून ठरव आणि मला कळव." म्हणजे या वयात मला परीक्षक नेमलं.

आता मी पडले इतिहासाची शिक्षिका. एखादी गोष्ट आहे म्हटल्यावर ती का आली, कधी आली, हे कळल्याशिवाय माझा हात पुढे जात नाही. आवाज टिपायचं यंत्र ते. त्याने जसा आहे तसा आवाज टिपावा. त्यात फेरफार करणारे खटके कशाला? ही म्हणजे फोटो काढतानाच गालावर लाली लावण्यातली गत झाली, असं माझं मत. ते पुढे बदललं. कसं, ते सांगते.

ध्वनिमुद्रिका निघू लागल्या तेव्हा मुद्रणात माईक नव्हताच. मोठा कर्णा असायचा. त्यात तोंड घालून गायचं, त्या आवाजाच्या जोराने सुई हलायची आणि मेणात खाच पडायची. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजानचं गाणं मुद्रित केलं ते असंच. गाणं संपल्यावर ती आपलं नाव इंग्रजीत पुकारते, ते पुष्कळांनी ऐकलं असेल. या कर्ण्याला खर्जातले खोल आवाज धड ऐकू यायचे नाहीत आणि अगदी वरचे बारीक आवाजही निसटायचे. त्यामुळे जुळवून घ्यायचं ते माणसानेच. तान जोरात असली की मागे सरकायचं, हळू स्वर आला की पुढे यायचं. खटका नव्हता, पण सगळे फेरफार गळ्याने आणि पायांनी चालायचे.

माईक तोवर जन्मला होता, पण दुसऱ्या घरी. १८७७-७८ च्या सुमारास अमेरिकेत बर्लिनर आणि एडिसन, इंग्लंडमध्ये ह्यूज अशा कित्येकांनी त्याची जुनी रूपं केली, ती टेलिफोनसाठी. टेलिफोनला सगळा आवाज नको होता, बोलणं कळलं की पुरे. पुढे तर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा टेलिफोनसाठी ठरून गेला. (हर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला कंपनं. आकडा जितका मोठा तितका आवाज बारीक.) आपण फोनवर नाव सांगताना "स सशातला, फ फणसातला" असं का म्हणत आलो, त्याचं उत्तर इथे आहे. 'स'ची बरीचशी सळसळ या पट्ट्याच्या वर असते. ती तारेतून पलीकडे जायचीच नाही.

१९१६ साली वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतल्या वेंट नावाच्या संशोधकाने कंडेन्सर माईक तयार केला. १९२५ पासून ध्वनिमुद्रिका विजेवर निघू लागल्या आणि कर्णा अडगळीत गेला. २३ जुलै १९२७ रोजी आपल्या मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं, ते या नव्या युगात. ओरडायची गरज संपली. आमच्या संगीत नाटकातल्या नटांना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागायचा. तिकडे बिंग क्रॉस्बी आणि इकडे सैगल मात्र कानाशी बोलल्यासारखं गाऊ लागले, ते माईकच्या भरवशावर.

आणि इथेच एक गंमत झाली. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत हॅरी ओल्सन नावाचे अभियंते होते. त्यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला रिबन माईक नावारूपाला आणला. लोहचुंबकाच्या दोन टोकांमध्ये ॲल्युमिनिअमची अतिशय पातळ, चुण्या घातलेली पट्टी टांगलेली. हवेबरोबर ती थरथरते आणि त्या थरथरण्यातून वीज निर्माण होते. जुन्या अमेरिकन फोटोंत रेडिओवाल्यांसमोर जो मोठा, कोनाकोनाचा माईक दिसतो, तो आरसीएचा ४४ या घराण्यातला. आवाज इतका मऊ की गवयी खूश. पण त्याची एक खोड होती. माणूस जवळ गेला की तो आवाजातला खर्ज फुगवायचा. ती कुणा कारागिराची चूक नव्हे. माईकच्या पुढून आणि मागून येणाऱ्या दाबातल्या फरकावर चालणाऱ्या सगळ्याच माईकांचा तो स्वभाव आहे. लांब बसलेल्या वाद्यवृंदाला त्याचा त्रास नव्हता. पण निवेदक जवळ बसून बातम्या वाचू लागला, की रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा आवाज यायचा.

मग उपाय काय केला? ४४-बीएक्स या माईकच्या आतच जोडणी बदलायची सोय दिली, संगीतासाठी एक आणि बोलण्यासाठी दुसरी. बोलण्याच्या जोडणीत खर्ज कापला जायचा. पुढे १९५४ च्या ७७-डीएक्समध्ये यासाठी खटकाच आला आणि त्यावर तीन खुणा होत्या: एम, व्ही-१, व्ही-२. एम म्हणजे म्युझिक, व्ही म्हणजे व्हॉइस, खर्ज कमी करायच्या दोन पायऱ्या.

हे वाचलं आणि माझं लालीचं मत डळमळलं. हा खटका आवाजाला नटवत नव्हता. माईकने आपल्या पदरचं जे घातलं होतं, ते काढून घेत होता. 'जसा आहे तसा' टिपणारा माईक जवळून बोलणाऱ्याला मिळालाच नव्हता. खटका म्हणजे आपल्या खोडीची यंत्राने दिलेली कबुली होती.

याच दुखण्यावर इतरांनी इतर औषधं काढली. जर्मनीच्या नॉयमनने १९६७ च्या यू-८७ वर खर्ज कापायचा खटका ठेवला. अमेरिकेतल्या इलेक्ट्रो-व्हॉइसने १९६८ च्या आरई-२० मध्ये माईकच्या दांड्याची रचनाच अशी केली, की जवळ गेलं तरी खर्ज फारसा फुगू नये.

दुसरा खटका, म्हणजे आवाज 'पुढे आणणारा', त्याची जात वेगळी. शुअर या अमेरिकन कंपनीचा एसएम-७ नावाचा माईक १९७३ मध्ये आला. त्याच्या पाठीवर दोन खटके होते, एक खर्ज कमी करायला आणि दुसरा मधल्या-वरच्या पट्टीतला आवाज थोडा उचलायला. खटका कुठे आहे, तिथे आवाजाची रेघ कशी वाकते, याचं छोटं चित्रसुद्धा मागे काढलेलं. मायकेल जॅक्सनच्या १९८२ च्या 'थ्रिलर'मधलं गाणं याच माईकवर मुद्रित झालं, म्हणून तो गाणाऱ्यांतही गाजला. २००१ मध्ये त्याची एसएम-७बी ही आवृत्ती आली आणि २०२३ मध्ये आवाज वाढवणारं यंत्र पोटातच असलेली आणखी एक. पन्नास वर्षांत बरंच बदललं, पण पाठीवरचे ते दोन खटके गेले नाहीत. माझ्याकडे आलेला माईक दुसराच, पण वळण हेच.

हा दुसरा खटका माईकची खोड काढत नाही. तो ऐकणाऱ्यासाठी आहे. शाळेत मी स्वर आणि व्यंजनं शिकवली, पण एक गोष्ट मलाही आत्ता कळली. बोलण्यातलं बळ असतं स्वरांत, ते खालच्या पट्टीत. अर्थ मात्र पुष्कळसा व्यंजनांत असतो, आणि ती अशक्त असून वरच्या पट्टीत असतात, साधारण २००० हर्ट्‌झच्या पुढे. म्हातारपणी कान जातो तो वरच्या बाजूनेच. म्हणून वृद्ध माणूस म्हणतो, "ऐकू येतंय, पण कळत नाही." आपण मोठ्याने बोलतो, म्हणजे स्वरच मोठे करतो, आणि तो चिडतो. दादाच्या 'पुटपुटतेस'चा अर्थ हा होता. सात आणि साठ यांत 'सा' दोघांचा एकच. भेद आहे तो शेवटच्या निमिषभराच्या त आणि ठ मध्ये.

तेव्हा परीक्षा माझ्या कानाने घेऊन उपयोग नव्हता. मी वीस शब्द काढले: सात, साठ, आठ, शेत, शेठ, फळ, फड, बारा, भारा असे. माईकपासून एक वीतभर अंतरावर बसले आणि यादी चार वेळा वाचली: दोन्ही खटके बंद, फक्त पहिला, फक्त दुसरा, दोन्ही चालू. दर वेळी शब्दांचा क्रम बदलला, नाहीतर दादा पाठ करून उत्तरं देईल. (लहानपणी पाढ्यांत हेच करायचा!) कुठली यादी कशी वाचली ते त्याला सांगितलं नाही. वहिनीने त्याची उत्तरं लिहून घेतली.

दोन्ही बंद असताना वीसपैकी बारा बरोबर. फक्त पहिला चालू, तेरा. फक्त दुसरा चालू, सतरा. दोन्ही चालू, सतराच. वीतभर अंतरावर खर्ज मुळातच फारसा फुगत नव्हता, म्हणून पहिल्याचा उपयोग थोडा. चार बोटांवर जाऊन वाचलं तेव्हा मात्र त्याची किंमत कळली. फ आणि भ चे फुत्कार दोन्ही खटक्यांनी पुरते जाईनात. ते गेले मी माईकच्या थोडं बाजूला तोंड करून बसले तेव्हा. म्हणजे गौहरजानच्या काळातली युक्ती अजून चालते.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. दुसरा खटका चालू असताना माझा आवाज मला मुळीच आवडला नाही. 'स' टोचतो. सूनबाई ऐकून म्हणाली, "आई, तपासणीला साहेब आल्यावर वाचताय असं वाटतं." आणि भाच्याच्या मुलाचं म्हणणं असं, की मूळ मुद्रण साधंच करावं आणि फेरफार मागाहून संगणकावर करावेत, कारण मुद्रणातच कापलेलं परत पुरतं मिळत नाही. त्याचं खरं आहे. आवाज जपून ठेवायचा असेल तर तेच योग्य. पण मला जपायच्या आहेत त्या अण्णांच्या वह्या. त्या कागदावर आहेत आणि कपाटात नीट आहेत. आवाज पोहोचवायचा आहे, तोही एकाच माणसाला, आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्याला 'मागाहून' म्हणणं मला जमणार नाही. म्हणून मी दुसरा खटका चालू ठेवला. सूनबाईच्या आग्रहाखातर एक वही मात्र दोन्ही खटके बंद ठेवून पुन्हा वाचणार आहे, नातवंडांसाठी.

गेल्या रविवारी १९५२ ची वही पहिल्यापासून पुन्हा वाचून पाठवली. संध्याकाळी दादाचा फोन आला.

"साठ," तो म्हणाला.

"हो, साठ."

बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तरीच त्या साली आईची नथ गेली. अण्णांनी ते लिहिलं नाहीये, होय ना?"

वहीत नथीचा उल्लेख कुठेच नाही. 'विहिरीचे सुरुंग, रु. ६०' एवढीच ओळ. मी तेव्हा दोन वर्षांची होते. आईच्या नाकात नथ मी कधी पाहिलीच नाही, आणि ती का नाही असं विचारल्याचंही आठवत नाही. दादा अकरा वर्षांचा होता. त्याला आठवत होतं, फक्त आकडा ठाऊक नव्हता.

अजून सात वह्या राहिल्या आहेत. (साठ नव्हे, सात!) तेव्हा पुढचे काही दिवस इथे लिहिणं जरा कमीच होईल. तुमच्या घरी कुणी "ऐकू येतं, पण कळत नाही" म्हणत असेल, तर आवाज चढवू नका. थोडं सावकाश आणि व्यंजनं स्पष्ट उच्चारून बोलून बघा. त्याला माईक लागत नाही.