रत्नागिरीचा शिमगा आणि सुट्ट्यांचे कॅलेंडर

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाचे दोन मोठे सण: भाद्रपदातला गणपती आणि फाल्गुनातला शिमगा. गणपती घराचा, शिमगा गावाचा. फाल्गुन शुद्ध पंचमीला, म्हणजे फाकपंचमीला, अनेक गावांत शिमग्याची सुरुवात होते आणि काही गावांत ग्रामदेवतेची पालखी गुढीपाडव्याच्या सुमारापर्यंत फिरत असते. महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत मात्र यातला एकच दिवस असतो: ‘होळी (दुसरा दिवस)’. पंधरवड्याच्या सणाची एका दिवसाच्या सुट्टीशी सांगड घालण्याचे काम गेली शंभरावर वर्षे इथली माणसे आपापल्या परीने करत आली आहेत.

शिमग्याचे वेळापत्रक पंचांग आणि गावरहाटी मिळून ठरवतात. काही गावांत फाल्गुन शुद्ध त्रयोदशीला होम लागतो, ते तेरसे शिमगे. काही गावांत पौर्णिमेला लागतो, ते भद्रेचे शिमगे. त्यामुळे शेजारच्या दोन गावांत सणाचा मुख्य दिवस एकच असेल असे नाही. हंगामही सणाला सोयीचा असतो. भात केव्हाच घरात आलेले असते, शेते मोकळी असतात आणि पेरणीला अवकाश असतो. गावाला एकत्र यायला यापेक्षा निवांत काळ सापडत नाही.

सणाची सुरुवात देवळात होते. देवांची चांदीची रूपे बाहेर काढून पालखीत लावली जातात. मानकरी, गुरव, ढोलताशेवाले यांची कामे वंशपरंपरेने ठरलेली असतात आणि कोणाचा मान आधी यावरून तंटेही होत आले आहेत. होळीसाठी आंबा, सुरमाड किंवा सावरीसारखे उंच झाड तोडतात आणि फाका घालत, खांद्यावरून नाचवत होळीच्या जागी आणून उभे करतात. होम झाल्यावर पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसते. मग ती वाडीवाडीतून घरोघर निघते. दारात आली की घरची बाई देवीची ओटी भरते, गाऱ्हाणे घातले जाते, नवस फेडले जातात आणि नवे बोलले जातात. अंगणात पालखी नाचवतात. जमिनीत पुरलेला नारळ पालखीने शोधून काढण्याचा ‘खुणा काढणे’ हा प्रकार पाहायला विशेष गर्दी होते. याच दिवसांत नमन-खेळे गावोगाव फिरतात आणि त्यांतल्या संकासुराच्या मागे पोरे धावतात. शेवटी शिंपणे होऊन सण आटोपतो.

रत्नागिरी शहरात या सणाच्या केंद्रस्थानी बारा वाड्यांचा ग्रामदेव श्रीदेव भैरी असतो. पौर्णिमेच्या रात्री त्याची पालखी देवळाबाहेर पडते आणि पुढे झाडगावच्या सहाणेवर येते. जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या या शहरात कचेऱ्या, न्यायालय, शाळा यांचे वेळापत्रक एकीकडे आणि भैरीच्या पालखीचे दुसरीकडे, अशी दोन वेळापत्रके शेजारी शेजारी चालतात. देवाला पोलिसांकडून सलामी देण्याचीही इथे प्रथा आहे.

सार्वजनिक सुट्टी ही कल्पना मुळात कचेरीची आणि बँकेची. 1881च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने रविवार आणि सरकारने राजपत्रात जाहीर केलेले दिवस सार्वजनिक सुट्टीचे ठरवले. आजही राज्य शासन दरवर्षी याच कायद्याखाली सुट्ट्यांची अधिसूचना काढते. गिरणी कामगाराला मात्र या यादीचा फारसा उपयोग नव्हता. त्याला आठवड्याची एक सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी चळवळ केली आणि 1890मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेल्या माणसांचा भरणा मोठा होता. तेव्हाच्या जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही होता. तो 1981मध्ये वेगळा झाला.

या चाकरमान्यांची बायकामुले आणि शेतीचा तुकडा गावीच असे. सणाला गावी जायचे ते बोटीने. बोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरे घेत जात. रत्नागिरीला बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसे, ट्रंका, बोचकी पडावातून किनाऱ्याला लागत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. त्यामुळे गणपतीला घर गाठणे अवघड आणि फाल्गुनातल्या शांत समुद्रावरून शिमग्याला येणे सोपे. जुन्या पिढीतल्या चाकरमान्यांना शिमगा जवळचा वाटण्यामागे श्रद्धेइतकाच बोटीच्या हंगामाचाही हात होता. रजा मिळाली नाही तर बिनपगारी राहून माणसे निघत.

रस्ते झाले, एसटी आली आणि 1998मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हा हे गणित बदलले. भर पावसातही गाव गाठता येऊ लागले आणि चाकरमान्यांची सर्वांत मोठी गर्दी गणपतीकडे वळली. तरी शिमग्यालाही जादा गाड्या सोडाव्या लागतातच.

सण एका पंचांगावर आणि नोकरी दुसऱ्या कॅलेंडरवर, ही अडचण कोकणापुरती नाही. चीनचे जुने पंचांगही चांद्र महिन्यांचे आणि अधिक महिन्याचे. 1912मध्ये तिथल्या नव्या प्रजासत्ताकाने इंग्रजी कॅलेंडर स्वीकारले. 1914पासून जुन्या वर्षारंभाला वसंतोत्सव हे सरकारी नाव मिळाले. पुढे जुने पंचांगच मोडीत काढण्याचा प्रयत्न झाला, पण लोकांनी सण सोडला नाही. अखेर सरकारनेच सुट्ट्या सणांकडे नेल्या. 1999पासून सलग आठवड्याच्या सुट्ट्या सुरू झाल्या आणि 2008पासून पितरांच्या कबरी झाडण्याचा छिंगमिंग, नावांच्या शर्यतींचा त्वानवू आणि शरद पौर्णिमेचा सण यांनाही सुट्टी मिळू लागली. वसंतोत्सवाच्या आगेमागे तिथे सुमारे 40 दिवस घरी जाण्यायेण्याची गर्दी असते.

महाराष्ट्रात सरकारने तिथी आणि तारीख दोन्ही सांभाळल्या. होळी, गणेश चतुर्थी तिथीने येतात. शिवजयंतीची शासकीय सुट्टी 19 फेब्रुवारीला असते, तरी फाल्गुन वद्य तृतीयेला ती साजरी करणारेही आहेत. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांच्या नावाचे पंचांग मानणारी घरे जिल्ह्यात आहेत. त्या पंचांगात अधिक महिना वेगळा आला की त्यांचे गणपती महिनाभर आधी बसतात आणि सरकारी सुट्टी त्यांच्या उपयोगाची राहत नाही. राज्याच्या यादीत न बसणाऱ्या सणांसाठी जिल्हाधिकारी स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात, पण त्या जिल्ह्यापुरत्या. मुंबईतल्या नोकरदाराला त्या लागू नसतात.

म्हणून शिमग्याची जुळवाजुळव आजही गाव आणि मुंबईतली ग्रामस्थ मंडळे मिळून करतात. होमाची तिथी हलत नाही. पालखी कोणत्या दिवशी कोणत्या वाडीत जाणार याचे वेळापत्रक आधी कळवले जाते आणि चाकरमानी त्याप्रमाणे रजा टाकतात. सगळा पंधरवडा राहणे थोड्यांनाच जमते. बाकीचे आपल्या घरी पालखी येण्याचा दिवस तेवढा साधतात.